भुंगेऱ्यांची शिरगणती

आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी धूप घालायची पद्धत होती. आजी निखाऱ्यांवर चिमूटभर राळ टाकायची. भस्सकन ज्वाळ उठायची आणि मग दाट पांढरा धूर घरभर फिरायचा. राळ वाण्याकडे पुडीत मिळायची. ती कुठून येते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आजीलाही पडला नसावा.

उत्तर मिळालं ते थेट अमरकंटकला. आईला नर्मदेच्या उगमाचं दर्शन घ्यायचं होतं आणि मी तिची सोबत म्हणून गेले होते. कुंडापासून थोडं बाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच, सरळसोट झाडांचं जंगल लागतं. एका झाडाच्या खोडावरून पिवळट, काचेसारखा गोठलेला ओघळ आला होता. मी तो नखानं खरवडून हुंगला आणि क्षणात शनिवारची संध्याकाळ आठवली. हा सालवृक्ष. त्याचा डिंक म्हणजे आपली राळ.

(मराठीत साल म्हणजे झाडाची कातडीही आणि वर्षही. घोळ नको म्हणून या लेखात झाडाला सालवृक्ष म्हणते आणि कातडीला सालपट.)

जवळच्या चहाच्या टपरीवरचे काका माझा उद्योग बघत होते. त्यांनी मला रस्त्यापलीकडचा एक जुना ओंडका दाखवला. त्यात माझा अंगठा सहज जाईल एवढी भोकं होती, एक-दोन नव्हे, चाळणीसारखी. “बोरर,” काका म्हणाले. मग चहा गाळता गाळता सहज बोलल्यासारखं, “हम छोटे थे. मुंडी तोड़ के गिनती करते थे. मुंडी के पैसे मिलते थे.”

कोणाची मुंडी? कोणी मोजायची? आणि कशासाठी? नागपूरला परत आल्यावर मी याच प्रश्नांच्या मागे लागले. मराठीत जनगणनेला शिरगणती म्हणतात. इथे तर शब्दशः शिरगणती झाली होती.

०००

आधी त्या किड्याची ओळख करून घेऊ. शास्त्रीय नाव ‘हॉप्लोसेरॅम्बिक्स स्पायनिकॉर्निस’. हा लांब मिशांचा, गडद तपकिरी भुंगेरा आहे. मोठा असला तर आपल्या मधल्या बोटाच्या लांबीजवळ जातो. नराच्या मिशा त्याच्या अंगापेक्षा लांब असतात. दिसायला तो रुबाबदार आहे. मला तरी त्याचं चित्र बघून किळस आली नाही.

त्याचं वर्षभराचं वेळापत्रक पावसाला बांधलेलं असतं. पहिला जोरदार पाऊस झाला की भुंगेरे खोडातून भोक पाडून बाहेर येतात. जोडी जमते, मादी सालपटाच्या फटीत किंवा जखमेत अंडी घालते. काही दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि सालपटाखालचं ओलं, रसाळ लाकूड खायला लागतात. पावसाळा सरता सरता त्या आतल्या टणक गाभ्यात शिरतात. तिथे बोगदा खणून, तोंड बंद करून कोष करतात. उन्हाळ्यात कोषातून भुंगेरा तयार होतो, पण बाहेर येत नाही. अंधारात बसून पावसाची वाट बघतो. पाऊस आला की पुन्हा पहिल्यापासून.

इतक्या वर्णनावरून तो खलनायक वाटेल, पण एरवी तो तसा नाही. शांत वर्षांमध्ये हा किडा मरायला टेकलेल्या, वाऱ्यानं मोडलेल्या किंवा तोडून टाकलेल्या झाडांत राहतो आणि मेलेलं लाकूड मातीत मिसळायला मदत करतो. तो धडधाकट झाडावर गेलाच तर झाड स्वतःचा बचाव करतं. अळीनं बोगदा खणायला सुरुवात केली की झाड त्यात राळ सोडतं आणि अळी बुडून मरते. आजीच्या निखाऱ्यावरची राळ ही मुळात सालवृक्षाची लढाईतली सामग्री आहे.

गडबड होते ती संख्येमुळे. एका झाडावर पाच-दहा अळ्या आल्या तर राळ पुरते. शेकडो आल्या तर संपते. मग त्या झाडातून पुढच्या पावसात शेकडो भुंगेरे बाहेर पडतात आणि शेजारच्या निरोगी झाडांवर जातात. आता त्यांना आजारी झाडाची गरज उरत नाही. एका मर्यादेपर्यंत हा जंगलाचा सफाई कामगार असतो. ती मर्यादा ओलांडली की साथ येते. म्हणून या किड्याबाबत खरा प्रश्न ‘तो आहे का?’ हा नसतो, कारण तो असतोच. प्रश्न असतो ‘किती आहे?’ आणि त्यासाठी कोणीतरी मोजावं लागतं.

०००

मोजायला सुरुवात झाली ती लाकडाच्या गरजेतून. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि पुढच्या काही दशकांत रुळांचं जाळं देशभर पसरलं. रुळाखाली स्लीपर लागतात, आणि ऊन, पाऊस, वाळवी सगळं सोसून टिकणाऱ्या लाकडांची यादी छोटी होती: साग, देवदार, साल. 1864 साली वनखातं उभं राहिलं. सालवन हा सरकारी हिशेबातला मोठा आकडा झाला. पैसे गुंतले की नुकसानही दिसायला लागतं. एडवर्ड स्टेबिंग नावाच्या वनाधिकाऱ्याला सरकारनं जंगलातल्या किड्यांच्या अभ्यासासाठी नेमलं. 1906 मध्ये देहरादूनला वनसंशोधन संस्था सुरू झाली. 1914 मध्ये स्टेबिंगचा भारतीय जंगलांतल्या भुंगेऱ्यांवरचा जाडजूड ग्रंथ आला.

त्याच्यानंतर ही गादी चालवली सिरिल बीसन यानं. हा माणूस मला फार आवडला. ऑक्सफर्डला शाळेत असताना त्याचा जिवलग मित्र होता टी. ई. लॉरेन्स, म्हणजे पुढे जगभर गाजलेला ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’. दोघं मिळून जुन्या चर्चमधल्या पितळी पत्र्यांचे ठसे घेत फिरायचे. लॉरेन्स वाळवंटात गेला, बीसन देहरादूनला आला आणि तीसेक वर्षं खोडातल्या अळ्या मोजत राहिला. 1939 मध्ये त्यानं भाटिया या भारतीय सहकाऱ्याबरोबर लांबमिशीच्या भुंगेऱ्यांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. 1941 मध्ये भारत आणि शेजारच्या देशांतल्या जंगली किड्यांवर त्याचा हजारेक पानांचा ग्रंथ आला. निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये जाऊन तो जुन्या चर्चच्या घड्याळांचा अभ्यासक झाला आणि त्यावरही पुस्तकं लिहिली. माणसाला मोजण्याची आवड असली की विषय कोणताही चालतो बहुतेक.

बीसन कामात असताना, 1923 ते 1928 या वर्षांत, मध्य प्रांतातल्या सालवनांत मोठी साथ आली. मध्य प्रांत म्हणजे तेव्हाचा आपल्या विदर्भासकटचा प्रांत, राजधानी नागपूर. मंडला, बालाघाट हे जिल्हे तेव्हा नागपूरच्या कारभारात होते. या साथीत मेलेल्या सालवृक्षांचा आकडा सत्तर लाखांच्या घरात सांगितला जातो.

०००

उपाय काय करणार? उंच झाडाच्या गाभ्यात बसलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही. हजारो चौरस किलोमीटर जंगलावर फवारणी करणं तेव्हा शक्य नव्हतं आणि आजही शहाणपणाचं नाही. उपाय निघाला तो किड्याच्याच एका सवयीतून. सालवृक्षाच्या ताज्या रसाचा वास आला की हे भुंगेरे दुरून ओढल्यासारखे येतात, रस पितात आणि सुस्तावतात. गटारीची पार्टी म्हणा ना.

तेव्हा पावसाळ्यात काही झाडं मुद्दाम पाडायची. त्यांचे ओंडके करायचे. ओंडक्याची टोकं आणि सालपट कुऱ्हाडीच्या पाठीनं ठेचायचं, म्हणजे रस पाझरतो. भुंगेरे जमतात. ते हातानं वेचायचे. तीन-चार दिवसांनी रस सुकला की पुन्हा ठेचायचं. पावसाळा संपला की ओंडके जंगलाबाहेर न्यायचे, कारण त्यांत अंडी घातलेली असतात. याला ‘ट्रॅप ट्री’ म्हणतात, आपण सापळा-झाड म्हणू. एक झाड बळी द्यायचं आणि आजूबाजूची वाचवायची.

वेचणार कोण? अर्थातच गावातले लोक, मुख्यतः गोंड आणि बैगा. मजुरी भुंगेऱ्यामागे. एकच भुंगेरा दोनदा मोजला जाऊ नये म्हणून मुंडी तोडायची आणि मुंड्या मोजून पैसे द्यायचे. टपरीवरच्या काकांचं वाक्य इथे येऊन जुळलं. पद्धत शंभर वर्षांची जुनी आणि काका तिचे साक्षीदार.

इथे मला थांबावंसं वाटतं. बैगा लोक पिढ्यानपिढ्या ‘बेवर’ करायचे: जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, राखेत पेरायचं, काही वर्षांनी तो सोडून पुढे जायचं. नांगरानं धरणीच्या छातीवर ओरखडे काढणं त्यांना पाप वाटायचं. वनखात्याला बेवर म्हणजे लाकडाची नासाडी वाटली. बंदी आली आणि 1890 मध्ये मंडला जिल्ह्यातला एक ठरावीक भाग, बैगा चक, त्यांना तेवढ्यासाठी आखून दिला गेला. व्हेरिअर एल्विनचं ‘द बैगा’ हे पुस्तक 1939 सालचं, म्हणजे बीसन आणि भाटियांचा भुंगेऱ्यांवरचा अभ्यास आला त्याच वर्षीचं. एकाच मुलखाकडे बघणारी ही दोन पुस्तकं. एकात माणसं आहेत, दुसऱ्यात किडे. ज्या माणसांची कुऱ्हाड काढून घेतली त्यांनाच पुढे किडे वेचायला बोलावलं गेलं, ही गोष्ट तुकड्या-तुकड्यांनीच वाचावी लागते.

शिवाय साथ एवढी मोठी का होते, याचं उत्तर फक्त किड्यात नाही. बीसनच्या काळापासून एक नियम सांगितला जातोय: तोडलेलं सालवृक्षाचं लाकूड सालपटासकट पावसाळ्यात जंगलात पडू देऊ नका. ते पडलेलं लाकूड म्हणजे भुंगेऱ्यांची पाळणाघरं. वादळात मोडलेली झाडंही वेळेत काढा. त्यात अनेक ठिकाणी कार्य आयोजनांनी सालवृक्षाला झुकतं माप दिलं आणि बाकीची झाडं दुय्यम ठरली. एकाच जातीचं दाट, वयस्क जंगल म्हणजे किड्याला पुढचं झाड शोधायला त्रासच नाही. नुकसान मोजणाऱ्या व्यवस्थेनंच नुकसानाला थोडी जागा करून दिली होती.

०००

मधली वर्षं मी पटकन ओलांडते. लहान-मोठ्या साथी येत राहिल्या. देश स्वतंत्र झाला, 1956 मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून बाहेर पडला आणि मंडल्याचा हिशेब नागपूरहून हलला. 1988 मध्ये जबलपूरला उष्णप्रदेशीय वनसंशोधन संस्था निघाली, म्हणजे अभ्यासक सालवनाच्या अगदी दाराशी आले.

आणि तरी 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशात पुन्हा प्रचंड साथ आली. मंडला, दिंडोरी, बालाघाट, अमरकंटकचं पठार. या वेळी तीस लाखांहून जास्त झाडं सापडली. वरची पानं सुकलेली, बुंध्याशी लाकडाच्या भुशाचे ढीग.

आता प्रश्न नुसता किड्याचा राहिला नव्हता. किड लागलेली झाडं तोडून बाहेर काढली नाहीत तर त्यांतून पुढच्या पावसात नवे भुंगेरे निघणार, हे शास्त्र बरोबर होतं. पण लाखो सालवृक्ष तोडायचे म्हणजे मौल्यवान लाकडाचा महापूर. किडीच्या नावाखाली धडधाकट झाडं जाणार नाहीत, याची हमी कोण देणार? त्याच सुमारास, 12 डिसेंबर 1996 रोजी, सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात आदेश दिला होता की मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलतोड करायची नाही. सालवृक्षांच्या तोडीचा वादही शेवटी त्याच न्यायालयात पोचला.

मग पुन्हा मोजणी. कोणतं झाड मेलंय, कोणतं वाचेल? शेंडा सुकला आहे का? बुंध्याशी भुशाचा ढीग किती? राळ ओघळतेय का? राळ ओघळत असेल तर झाड अजून झुंजतंय. अशा खुणांवरून किडक्या झाडांचे वर्ग पाडले गेले. झाडाचा वर्ग ठरला की झाडाचं नशीब ठरलं. बीसनच्या काळात मोजणी लाकूड वाचवण्यासाठी होती. आता तीच मोजणी झाड आणि कुऱ्हाड यांच्यामधला पुरावा झाली. कोणी किती प्रामाणिकपणे वाकून बुंधा बघितला, यावर शंभर वर्षांचं झाड उभं राहणार की पडणार हे ठरत होतं.

आणि दुसरीकडे सापळा-झाडं पुन्हा पडली, मुलं पुन्हा पिशव्या घेऊन जंगलात गेली. मुंड्या मोजल्या गेल्या. काकांच्या हातात पैसे आले. “उस साल मेला अच्छा हुआ,” असं ते म्हणाले आणि लगेच पुढे, “पर जंगल में धूप आने लगी.” त्यांना ऊन म्हणायचं होतं. मी मात्र क्षणभर मराठीतला धूप समजले.

०००

या सगळ्यात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट अशी: कमी काहीच नव्हतं. किड्याचं चरित्र माहीत होतं. उपाय माहीत होता. कारणंही बऱ्यापैकी माहीत होती. तरीही सत्तर वर्षांनी त्याच जिल्ह्यांत तेच झालं.

मला वाटतं, आपण शिरगणतीला देखरेख समजतो. मुंड्यांचा आकडा मोठा आणि बातमीला छान असतो, पण तो साथ आल्यानंतरचा असतो. तो किती भुंगेरे मेले हे सांगतो. किती उरले, किती झाडांत अंडी पडली, हे सांगत नाही. शिवाय आकड्यावर मजुरी ठरली की आकडा वाढवण्यातच सगळ्यांचा फायदा असतो. पंधरा-वीस ठिकाणी शांत वर्षांत दरवर्षी घेतलेली छोटी मोजणी मात्र साथ येण्याआधीच सांगू शकते: गेल्या वर्षी या कक्षात किडकी झाडं चार होती, यंदा अकरा आहेत. चारवरून अकरा ही काही बातमी नाही. त्यावर मंत्री येत नाहीत. पण सगळा खेळ त्या चार आणि अकरामध्येच आहे.

हे काम कंटाळवाणं आहे. पावसाळ्यानंतर बीटमधल्या नाकेदारानं आपल्या वाटेवरच्या झाडांचे बुंधे वाकून बघायचे, ताजा भुसा दिसला की झाडावर खूण करायची, वहीत लिहायचं. काही सापडलं नाही तर ‘काही नाही’ असंही लिहायचं. पंचवीस वर्षं ‘काही नाही’ लिहिणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही आणि मग एक दिवस ते लिहिणं बंद पडतं. त्या दिवशी जंगलात काहीही दिसत नाही. दिसतं ते पुढे काही वर्षांनी.

आता उपग्रह आहेत, ड्रोन आहेत, आणि त्यांचा उपयोगही होतो. एवढं मोठं जंगल पायी बघणं कठीणच. पण वरून दिसतो तो सुकलेला शेंडा, आणि शेंडा सुकतो तेव्हा अळी केव्हाच गाभ्यात पोचलेली असते. भुसा बुंध्याशी पडतो, पानांच्या छताखाली. तो बघायला अजूनही खाली वाकावंच लागतं. अलीकडे देहरादूनच्या आसपासच्या सालवनांतही या किड्यानं डोकं वर काढलं. ज्या गावात या किड्याचा अभ्यास उभा राहिला, त्या गावाच्या वेशीवर.

आपल्याकडे सालवन जवळजवळ नाही, आपलं जंगल सागाचं. पण पावसाळा उतरताना विदर्भातून जाताना सागाच्या पानांची जाळी झालेली तुम्ही पाहिली असेल, जणू कोणी पानांतला हिरवा रंग खाऊन नुसत्या शिरा ठेवल्यात. तेही एका अळीचं काम. साग त्यानं सहसा मरत नाही, पुन्हा पालवतो. पण ‘सहसा’ हा शब्द वापरायचा तर दरवर्षी कोणीतरी बघितलेलं असावं लागतं.

परतीच्या दिवशी सकाळी आई कुंडावर गेली आणि मी पुन्हा त्या रस्त्यानं चालत गेले. दहा-बारा सालवृक्षांच्या बुंध्याशी वाकले, हातानं पाचोळा बाजूला केला. एकाच झाडाशी थोडा भुसा होता, लाल-तपकिरी, ओलसर. वरच्या बाजूला राळेचा ताजा ओघळ होता. झाड झुंजत होतं. काका टपरीतून ओरडले, “मैडम, कुछ गिर गया क्या?”

मी नाही म्हटलं. मग फोन काढला आणि तारखेसह लिहून ठेवलं: बारा झाडं, एक.